प्रयोगशाळेचा अहवाल आणि आरोपीचा वकील



फौजदारी वकील व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे खुनाच्या दोन-चार रंगतदार हकीकती ऐकावयास मिळतील अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आपली मी अगदीच निराशा करणार नाही. पण आरंभ मात्र माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करणार आहे. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांतली ती गोष्ट. जिल्हा न्यायालयात खुनाचा खटला होता, आरोपी शेतमजूर, आणि काम माझ्याकडे सरकारी खर्चाने आलेले. पोलिसांनी जप्त केलेल्या त्याच्या सदऱ्यावर रक्ताचे डाग होते. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला आम्ही कोर्टात नुसते 'सी. ए. रिपोर्ट' म्हणतो, तो आला. डाग मानवी रक्ताचे, गट बी. मयताचाही गट बी. सरकारी वकिलांनी कागद पुढे केला, न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी उठून म्हणालो, "हरकत नाही." कागदावर निशाणी क्रमांक पडला आणि पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झाला. सारे मिळून दोन मिनिटांचे काम.

आता, आपल्या देशात साधारणपणे तिघांमागे एकाचा रक्तगट बी असतो. आरोपीचा स्वतःचा गट कोणता हे कोणीच तपासलेले नव्हते. अटकेच्या पंचनाम्यात त्याच्या डाव्या हातावर ताजी जखम असल्याची नोंद होती. ती मी वाचली होती आणि विसरलो होतो. उच्च न्यायालयात दुसऱ्या एका वकिलांनी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या तेव्हा तो मनुष्य सुटला. पण तोवर त्याची चार वर्षे तुरुंगात गेली होती. तो निर्दोष होता की नव्हता हे मला आजही ठाऊक नाही. मात्र ज्या डागावर त्याला शिक्षा लागली तो डाग त्याच्या स्वतःच्या रक्ताचाही असू शकत होता, आणि हे विचारण्याचे काम ज्या एका माणसाकडे सोपविलेले होते तो मी होतो.

तेव्हा आजचा विषय असा की, प्रयोगशाळेतून आलेल्या पुराव्याला आरोपीच्या बाजूने प्रश्न कोणी विचारावयाचा आणि तो विचारण्याचे ज्ञान त्याने आणावयाचे कोठून.

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. रक्ताचा डाग, बंदुकीची गोळी, काचेवरचा बोटाचा ठसा, या वस्तू आहेत. वस्तू खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण ती खरेही बोलत नाही, कारण ती बोलतच नाही. तिच्या वतीने बोलतो तो तज्ज्ञ, आणि तो जे बोलतो त्याला कायद्याच्या भाषेत 'मत' म्हणतात. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे पंचेचाळिसाव्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते एकोणचाळिसाव्या कलमात आले आहे. क्रमांक बदलला, तत्त्व तेच राहिले. विज्ञान, कला, परकीय कायदा, हस्ताक्षर अशा विषयांत त्या विषयाच्या जाणकाराचे मत न्यायालय ऐकू शकते. ऐकू शकते, मानलेच पाहिजे असे नव्हे. तज्ज्ञाची साक्ष ही सल्ल्याच्या स्वरूपाची असते आणि निर्णय न्यायाधीशानेच करावयाचा, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली एका निकालात स्पष्ट म्हटले आहे. परंतु न्यायाधीश रसायनशास्त्र शिकलेला नाही, वकीलही नाही. मग सल्ला आणि हुकूम यांतला फरक राहतो कोठे? तो कसा पुसला जातो याचे उत्तम, म्हणजे फार वाईट, उदाहरण इंग्लंडात घडले. आपली फौजदारी पद्धत बव्हंशी त्याच देशातून आलेली असल्यामुळे ते आपणांस परके वाटू नये.

२१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री बर्मिंगहॅम शहरातील दोन मद्यगृहांत बाँबस्फोट झाले आणि एकवीस माणसे मेली. आयर्लंडच्या झगड्यातले ते दिवस. देशभर संतापाची लाट उसळली. त्याच संध्याकाळी बर्मिंगहॅमहून पाच आयरिश माणसे आगगाडीने निघाली होती. हेशम बंदरात बोट पकडून त्यांना बेलफास्टला जावयाचे होते. प्रवासात ती पत्ते खेळत होती. बंदरावर पोलिसांनी त्यांना हटकले, जवळच्या मोरकॅम येथील ठाण्यात नेले, आणि पहाटे गृहखात्याच्या प्रयोगशाळेतील डॉ. फ्रँक स्क्यूज यांनी येऊन त्यांचे हात तपासले. सहावा मनुष्य पुढे बर्मिंगहॅममध्येच पकडला गेला.

तपासणीची रीत मोठी साधी होती. ईथरमध्ये भिजविलेल्या बोळ्याने हात पुसावयाचा, तो अंश एका बशीत घ्यावयाचा, त्यात थोडा कॉस्टिक सोडा घालावयाचा आणि मग ग्रीस नावाच्या रसायनज्ञाने शोधून काढलेले द्रावण टाकावयाचे. हातावर नायट्रोग्लिसरीन असेल तर सोड्यामुळे त्यातून नायट्राइट सुटते आणि बशीत गुलाबी रंग येतो. (हा योहान पीटर ग्रीस मूळचा जर्मन, पण त्याचे आयुष्य गेले इंग्लंडात, बर्टन येथील दारूच्या भट्टीत रसायनज्ञ म्हणून, आणि बर्टन बर्मिंगहॅमपासून फार दूर नाही. पाण्यातले नायट्राइट पाहण्यासाठी त्याची रीत अजूनही वापरतात.) दोन माणसांच्या हातांच्या बाबतीत रंग आला. न्यायालयात डॉ. स्क्यूज यांनी सांगितले की, या दोघांनी स्फोटक द्रव्य हाताळले याची आपणांस नव्व्याण्णव टक्के खात्री आहे.

नव्व्याण्णव टक्के! हा आकडा कोठून आला? शंभर वेळा प्रयोग करून एकदा चूक झाली असे कोणी मोजले होते काय? तसे काहीच नव्हते. ती खात्री डॉक्टरांच्या मनाची होती, बशीतली नव्हती. परंतु आकड्याला एक प्रकारचा दरारा असतो, आणि ज्यूरीतल्या बारा सामान्य माणसांनी तो आकडा ऐकला.

आपल्या न्यायशास्त्राच्या पोथ्यांतून अनुमानाचा पहिला पाठ धूर आणि अग्नी यांवर दिलेला असतो. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण ती उलटी करून जेथे अग्नी तेथे धूर असे म्हटले की ती मोडते. कारण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा, त्यात अग्नी आहे आणि धूर नाही. शिकाऊ विद्यार्थ्यालाही ठाऊक असणारी ही चूक बर्मिंगहॅमच्या खटल्यात झाली. जेथे नायट्रोग्लिसरीन तेथे गुलाबी रंग, हे बरोबर. म्हणून जेथे गुलाबी रंग तेथे नायट्रोग्लिसरीन, हे मात्र चूक. नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ व्हार्निशात असतो, लाकडी सामानावरच्या चकचकीत लेपात असतो, आणि खेळण्याच्या पत्त्यांवरच्या लेपातही असतो. या साऱ्यांनी हात माखला तरी बशीत तोच रंग येऊ शकतो. आणि ती माणसे गाडीत काय करीत होती, हे मी मघाशी सांगितलेच आहे.

आता आपण विचाराल की, हे कोणी न्यायालयाला सांगितले नाही काय? येथेच गोष्ट खरी मननीय होते. सांगितले होते. बचावपक्षाने डॉ. ह्यू ब्लॅक या तज्ज्ञाला उभे केले होते, आणि हा कोणी उपटसुंभ मनुष्य नव्हता. गृहखात्यात स्फोटक द्रव्यांचा मुख्य निरीक्षक म्हणून त्याने काम केले होते. इतर पदार्थांनीही असा रंग येऊ शकतो हे त्याने शपथेवर सांगितले. पण आपले म्हणणे त्याने स्वतः प्रयोग करून पडताळलेले नव्हते. एकीकडे प्रयोग केलेला सरकारी शास्त्रज्ञ, दुसरीकडे तत्त्व सांगणारा निवृत्त जाणकार. न्यायमूर्ती ब्रिज यांनी ज्यूरीपुढे केलेल्या समारोपात आपला कल पहिल्याकडे असल्याचे लपविले नाही. त्याच बोळ्यांची पुढे अधिक सूक्ष्म यंत्राने तपासणी झाली तेव्हा एकाच्या बाबतीत काहीच आढळले नाही, आणि दुसऱ्याच्या बाबतीत आढळले म्हणून सांगितले गेले ते अत्यल्प आणि वादग्रस्त. तरीही ऑगस्ट १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. पुरावा एवढाच नव्हता हे सांगितले पाहिजे. चौघांचे कबुलीजबाब होते. मारहाण करून ते घेतले असे त्यांचे म्हणणे होते. पण कबुलीजबाबावर शंका घेणाऱ्याला बशीतला रंग दाखवावा आणि रंगावर शंका घेणाऱ्याला कबुलीजबाब, असे त्या दोन पुराव्यांनी एकमेकांना टेकू दिले.

डॉ. ब्लॅक यांनी जे करावयास हवे होते ते दहा वर्षांनी एका दूरचित्रवाणी कंपनीने केले. १९८५ साली तिने रसायनज्ञांकडून तोच प्रयोग करविला, हातांनी पत्ते पिसले गेले, आणि रंग आला. पत्त्यांचा एक जोड आणि थोडा सोडा एवढ्या सामग्रीचा तो प्रयोग होता! एवढे होऊनही १९८८ मध्ये अपील फेटाळले गेले. अखेर १४ मार्च १९९१ रोजी सहाही जण सुटले, सोळा वर्षांनंतर. कबुलीजबाबांच्या पोलिसी टिपणांतही फेरफार झाल्याचे तोवर उघड झाले होते. अपील न्यायालयाने म्हटले की, डॉ. स्क्यूज यांचा निष्कर्ष चुकीचा होता, आणि तोही आजच्या ज्ञानाने नव्हे, तर १९७४ सालच्या विज्ञानाने पाहिले तरीही चुकीचा. म्हणजे नवे विज्ञान येण्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. त्या एकवीस जणांच्या खुनाबद्दल दुसऱ्या कोणालाही आजवर शिक्षा झालेली नाही.

यावरून कोणी म्हणेल, तर मग प्रत्येक आरोपीला त्याचा स्वतःचा तज्ज्ञ द्या म्हणजे झाले. इतके सोपे असते तर मला हे व्याख्यान येथेच आटोपते घेता आले असते. २००४ च्या मार्चमध्ये स्पेनची राजधानी माद्रिद येथे आगगाड्यांत स्फोट झाले. एका पिशवीवर मिळालेला बोटाचा ठसा अमेरिकेच्या एफ.बी.आय. या खात्याने तेथील ऑरेगॉन राज्यातील एका वकिलाचा म्हणून ओळखला. हो, वकिलाचाच. खात्याच्या तीन परीक्षकांनी त्याला दुजोरा दिला. बचावाच्या वतीने न्यायालयाने एक स्वतंत्र तज्ज्ञ नेमला, आणि त्यानेही पाहून सांगितले की ठसा याच माणसाचा आहे. त्याच सुमारास स्पेनच्या पोलिसांनी कळविले की तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा आहे. वकील सुटला, सरकारने माफी मागितली, भरपाई दिली. चौथा जाणकारही का चुकला? अगोदरचे तिघे काय म्हणाले हे त्याला ठाऊक होते, आणि ते कोणत्या खात्यातले हेही. परीक्षेला बसण्यापूर्वीच उत्तर सांगितले तर विद्यार्थी तेच लिहितो. तज्ज्ञही मनुष्यच असतो. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण ज्या शहरात प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने उभे राहिले ते आपले कलकत्ता. १८९७ मध्ये तेथे ठसे-कार्यालय निघाले, आणि त्या पद्धतीचे गणित बसविणारे अझिझुल हक व हेमचंद्र बोस हे आपलेच लोक. त्या विद्येविषयी मला अभिमान आहे. पण विद्या निर्दोष असली तरी तिचा उपयोग करणारा डोळा निर्दोष असतोच असे नाही.

आता आपल्या घरच्या स्थितीकडे वळू. आपल्याकडे सरकारी शास्त्रीय तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे २९३ वे कलम होते, आणि त्यातल्या अधिकाऱ्यांच्या यादीत आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचेही नाव होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३२९ वे कलम आहे. हेतू चांगला. मुंबईच्या कालिना येथील प्रयोगशाळेतल्या माणसाला प्रत्येक खटल्यासाठी गडचिरोली आणि सिंधुदुर्ग अशी पायपीट करावयास लावली तर तो नमुने तपासणार केव्हा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली उलटा निर्णय दिला : अहवाल वापरावयाचा असेल तर तो लिहिणारा उलटतपासणीस हजर असलाच पाहिजे. आमच्याकडे न्यायालयाला योग्य वाटल्यास ते बोलावू शकते. पण योग्य वाटावे यासाठी कोणी तरी कारण दाखवावे लागते.

नव्या संहितेने यात एक बारीक गोष्ट घातली आहे आणि तिच्याकडे वकीलमंडळींचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. ३३० व्या कलमाप्रमाणे कागदपत्रे मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती कबूल की नाकबूल हे दोन्ही पक्षांनी सांगावयाचे. न्यायालय मुदत वाढवू शकते, ते वेगळे. आणि तज्ज्ञाच्या अहवालाबद्दल कोणत्याही पक्षाने वाद उपस्थित केल्याखेरीज त्या तज्ज्ञाला न्यायालयात बोलावता येणार नाही. म्हणजे मी ज्या दोन मिनिटांत "हरकत नाही" म्हणालो होतो, ती दोन मिनिटे आता कायद्याने खटल्याच्या तोंडाशीच आणून ठेवली आहेत. दुसऱ्या बाजूने, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाऊन नमुने घ्यावेत असा दंडक १७६ व्या कलमाने टप्प्याटप्प्याने येत आहे. तपास केवळ कबुलीजबाबांवर न चालता वस्तूंवर चालावा, याला माझ्यासारखा आरोपीचा वकील विरोध कशाला करील? पण अहवालांची संख्या वाढणार हे नक्की, आणि त्यांना प्रश्न विचारणारे कोठे वाढताहेत?

प्रश्न न विचारल्याने काय होते ते फार लांब जाऊन पाहावयास नको. भुसावळवरून गाडीने थोडे पुढे गेले की खांडवा लागते. २०१३ साली तेथे एका बालिकेवरील अत्याचार व खून या अत्यंत क्रूर गुन्ह्याचा खटला चालला. ज्या दिवशी आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले आणि पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये तो निकाल रद्द केला, फेरसुनावणीचा हुकूम दिला आणि पुढील काळासाठी नियम घातला की फाशी वा जन्मठेपेच्या खटल्यात असा वकील किमान दहा वर्षे अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीस किमान सात दिवस मिळावेत. फेरसुनावणीत २०२२ साली पुन्हा फाशी झाली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि डीएनए तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाची साक्ष घेण्यासाठी खटला परत पाठविला. ती साक्ष झाल्यावर मार्च २०२४ मध्ये त्याच खांडव्याच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. अकरा वर्षे गेली होती. आणि त्या बालिकेच्या आईबापांचे काय? त्यांच्या पदरात अकरा वर्षांनंतर काय पडले, हेही आपण विचारले पाहिजे. आरोपीच्या वकिलाचे काम आरोपीपुरतेच असते ही समजूत चुकीची आहे.

तेव्हा जिल्ह्याच्या गावी, पुस्तकांचे एक कपाट आणि एक कारकून एवढ्या भांडवलावर बसलेल्या वकिलाने करावे काय? पहिली गोष्ट अशी की, निम्म्या प्रश्नांना विज्ञान लागतच नाही. पंचनामा नीट वाचण्याची चिकाटी लागते. मुद्देमालाला लाखेचे सील घटनास्थळीच लावले की ठाण्यात? नमुना सील वेगळे पाठविले होते काय? जप्ती आणि प्रयोगशाळेत पोहोचणे यांत किती दिवस गेले, आणि त्या दिवसांत पुडके कोणाच्या ताब्यात होते? जो शिपाई ते घेऊन गेला त्याची साक्ष झाली काय? एकाच कापडी पिशवीत मयताचे आणि आरोपीचे कपडे घातले असतील तर पुढची सारी रसायने व्यर्थ आहेत. मी पाहिलेल्या प्रकरणांत प्रयोगशाळेतल्या चुकीपेक्षा प्रयोगशाळेच्या वाटेवरच्या चुका अधिक असत.

उरलेल्या निम्म्या प्रश्नांसाठी मात्र जाणकाराकडे गेलेच पाहिजे. येथे आमच्या मंडळींची समजूत अशी की तज्ज्ञ म्हणजे मोठी फी घेऊन साक्षीला उभा राहणारा मनुष्य. तो गरीब आरोपीला परवडत नाही, आणि परवडला तर न्यायालय त्याला भाडोत्री समजते. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. अमेरिकेत १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की वेडाचा बचाव घेणाऱ्या निर्धन आरोपीला मानसवैद्य सरकारने पुरवावा. आपल्या घटनेच्या ३९-अ अनुच्छेदाने मोफत विधिसाहाय्य सांगितले, १९८७ च्या कायद्याने त्याची यंत्रणा उभी केली. वकील मिळू लागला, पण वकिलाच्या शेजारी बसणारा शास्त्रज्ञ सहसा मिळत नाही. परंतु साक्षीला उभा राहणारा तज्ज्ञ आणि कागद वाचून दाखविणारा तज्ज्ञ हे दोन वेगळे उपयोग आहेत, आणि दुसरा आपल्या गावातच सापडण्याजोगा आहे. वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकाचा विभाग असतो. प्रयोगशाळांतून निवृत्त झालेली अनुभवी माणसे ठिकठिकाणी राहतात. आणि साध्या रासायनिक परीक्षेचा अर्थ सांगायला तर महाविद्यालयातला रसायनशास्त्राचा प्राध्यापकही पुरतो.

मी स्वतः ते शिकलो त्या शेतमजुराच्या खटल्यानंतर. एका विषप्रयोगाच्या प्रकरणात अहवाल घेऊन आमच्या गावच्या महाविद्यालयातल्या एका वृद्ध प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, आणि विचारले, "वकीलसाहेब, यांनी कोऱ्या नमुन्यावर हीच परीक्षा केली होती का? ते यात लिहिलेले नाही." मी म्हणालो, कोरा नमुना म्हणजे काय? ते म्हणाले, जे औषध वापरले, जी बाटली वापरली, तिच्यात मुळातच ते द्रव्य नव्हते हे दाखविण्यासाठी वेगळी परीक्षा करतात, ती. मग त्यांनी आणखी दोन प्रश्न लिहून दिले : मूळ टिपणवही मागा, आणि सापडलेले प्रमाण किती ते विचारा, कारण 'आढळले' या शब्दात चिमूटही बसते आणि शेरही बसतो. फी म्हणून त्यांनी चहासुद्धा माझ्याकडून घेतला नाही. मी अर्ज दिला, तज्ज्ञाला बोलावणे गेले, आणि तो गृहस्थ टिपणवही घेऊन आला. अत्यंत प्रामाणिक मनुष्य होता. कोऱ्या नमुन्याची परीक्षा केली होती, तिची नोंदही होती. मात्र प्रमाण मोजलेले नाही आणि एवढ्यावरून मृत्यू विषानेच झाला असे आपण म्हणू शकत नाही, हे त्याने सरळ सांगितले. अहवालात तसे का लिहिले नाही, असे न्यायाधीशांनी त्याला विचारले.

"तसे आम्हांला कोणी विचारले नव्हते," तो म्हणाला.